साडेबारा तळी आणि पाण्याची आगगाडी

माळव्यातल्या मराठी घरांत धारचा विषय निघाला की साडेबारा तळ्यांचा उल्लेख हटकून येतो. मुंजसागर, देवीसागर ही त्यांतली ठळक नावे. अर्धे तळे कोणते, या वादात जुन्या धारकरांच्या संध्याकाळी सुखाने जातात! परंपरा ही तळी परमार राजांच्या नावावर सांगते. अठराव्या शतकात आलेल्या पवारांना ती आयतीच मिळाली.

मी बदनावर तहसिलीत मुख्याध्यापक आहे आणि इतिहास शिकवतो. मुलांना मांडूला नेतो तेव्हा रूपमतीची कथा थोडक्यात आटोपून जहाज महालाच्या गच्चीवरचे पाण्याचे पाट दाखवतो. डोंगरावर नदी नाही. मुंज तलाव, कापूर तलाव आणि बावड्यांत अडवलेल्या पावसावर सुलतानांची राजधानी नांदली.

आमच्या काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे. पाणी मावते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. तळे पाऊस थोपवून धरते, तो हळूहळू मुरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात.

देवासने हे मोडले. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या घराण्यांनी वाटून घेतलेल्या या शहरात स्वातंत्र्यानंतर कारखाने आले, सत्तरच्या दशकात नोटांचा छापखाना आला. तळी बुजवून वस्त्या उठल्या; पाण्याला कूपनलिका होत्याच. पाषाणाच्या भेगा रित्या झाल्या आणि २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून ५० टँकर पाणी घेऊन आगगाडी देवास स्टेशनात आली. ढोल-नगारे वाजवून तिचे स्वागत झाले, असे अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’मध्ये नोंदवले आहे. आणि इंदूर तरी कुठले श्रीमंत? तेही १९७८ पासून पंपांनी वर चढवलेले नर्मदेचे पाणी पीत होते.

२००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा देऊन तळी खणली. तळ्याला नाव ‘रेवासागर’, खणणारा ‘भगीरथ कृषक’. अशी हजारो तळी झाली. पण हे शेतात जमते. शहरातले बुजलेले तळे पुन्हा खणता येत नाही, कारण त्यावर कुणाचे तरी घर असते.

आता पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. असा पाऊस अडवायला जागा नसेल तर तो आधी घरात शिरतो आणि उन्हाळ्यात विहिरीत नसतो.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी आमच्या भैंसोला गावी ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. जमीन २,००० एकरांहून अधिक. माझ्या विद्यार्थ्यांना घराजवळ काम मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बदनावर आता वाढणार, आणि गाव वाढू लागले की सखल जागा आणि नाल्याकाठ आधी विकले जातात. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना काम दिले आहे : पटवाऱ्याच्या नकाशावरून तहसिलीतले प्रत्येक तळे, बावडी आणि ओहोळ वहीत उतरवायचा, मग तिथे जाऊन पाणी आहे का ते पाहायचे. प्लॉट पाडणाऱ्यांचे नकाशे येण्याआधी त्या वह्या नगर परिषदेच्या टेबलावर पोहोचवायच्या आहेत.