सायकल कुठं कुरकुरते?



पावसाळा संपला आणि माझी सायकल बोलायला लागली. गटाच्या बैठकीसाठी नागावहून चौलला जाताना पायडलच्या दर फेरीला एकदा ‘कट’. एका दुकानात दाखवली. त्यांनी चेनवर तेल ओतलं, वीस रुपये घेतले. आवाज तसाच! चौलला पोचले तर गटातल्या एका मावशींनी अंगणातूनच विचारलं, “बाय, पाय थांबवलास की आवाज थांबतो का?” पाहिलं, तर थांबत होता. “मग चाकाचं दुखणं नाय, पायाकडचं हाय.”

मावशींना सायकल चालवता येत नाही, पण त्यांचं लहानपण वाडीतल्या रहाटाजवळ गेलंय. पंप येण्याआधी आपल्या अष्टागरातल्या नारळी-पोफळीला रहाटच पाणी पाजायचा. बैल गोल फिरायचा, लाकडी दात एकमेकांत अडकायचे आणि गाडग्यांची माळ विहिरीतून वर यायची. रहाट कुरकुरला की बैलाच्या एका फेऱ्यात आवाज किती वेळा येतो, ते आधी मोजायचं, असं मावशी सांगतात. त्यावरून कुठल्या चाकाला वंगण हवं ते कळे.

सायकलीलाही हेच लागू पडतं. तिचा इतिहाससुद्धा एकेका आवाजामागून पुढं सरकलेला आहे. १८६०च्या दशकातल्या सायकलींना लाकडी चाकं आणि त्यांवर लोखंडी धाव असायची, आपल्या बैलगाडीसारखी. इंग्लंडात लोक तिला हाडं खिळखिळी करणारी गाडी म्हणत. पायडल पुढच्याच चाकाला असल्यानं तिला चेन नव्हती. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं रोलरची चेन काढली, १८८५ मध्ये स्टार्लीची मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ आली. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांच्या मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार आदळायची. म्हणून त्यांनी चाकावर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पाय थांबवल्यावर मागून टिकटिक करणारं फ्रीव्हील नंतर रूढ झालं. ती टिकटिक दुखण्याची नाही, तिला घाबरू नका.

त्याच १८८८ साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. ते स्वतः मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवत आणि इथून सायकली पाठवत. तिकडं भाऊ रामूअण्णा विक्री बघत. पुढं लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. किर्लोस्करांच्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. सायकलच्या दुकानापासून बायकांच्या मासिकापर्यंतची ही वाट मला फार आवडते. पान्हा मात्र पुरुषाच्याच हातात राहिला.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवायचं ठरलं. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, अशा लाखभर जणी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या पुरुषांच्या सायकलवर बसल्या. काहींना तीच बरी वाटली, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! लोक काय काय बोलले असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

तर माझी ‘कट’. पाय थांबवल्यावरही आवाज चालू राहिला, तर चाक, मडगार्ड, ब्रेक बघायचा. पायडलच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा आला, तर चेनची एखादी कडी अडकतेय. आपल्याकडं खाऱ्या वाऱ्यानं कड्या लवकर गंजतात. चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसून वाळवायची, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब-थेंब कड्यांच्या सांध्यात सोडायचा आणि बाहेरचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर पुळणीची रेती चिकटते. खोबरेल नको, ते घट्ट होऊन बसतं. रिंगला तेल लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

दर फेरीला एकदाच आवाज आला, तर पायडल नाहीतर कॉटर पिन. दोन्ही पायडल आडवी एका रेषेत आणायची, दोन्हींवर एकदम दाबायचं, मग अर्धी फेरी फिरवून पुन्हा दाबायचं. एक बाजू जराशी खाली बसली की समजायचं, तिकडची पिन झिजली. माझी डावी निघाली. ही पाचरीसारखी पिन नट आवळून आत ओढू नये, आटे जातात. पायडलच्या दांड्याखाली लोखंडाचा टेका द्यायचा, म्हणजे आतल्या छऱ्यांना मार बसत नाही, मग हातोडीनं पिन ठोकायची आणि नट नंतर आवळायचा. चार दिवस चालवून पुन्हा एकदा आवळायचा.

आठवीतल्या एका मुलीची सायकल अशीच वाजते म्हणून महिनाभर घरी पडून होती. घरचे म्हणत, रस्त्यात मोडली तर काय? ती पाच किलोमीटर चालत शाळेला जात होती. आम्ही तिला अंगणात आणून उलटी केली. मागचं मडगार्ड टायरला घासत होतं, पट्टीचा एक स्क्रू पडलेला. बाकी काही नाही.

आता गटाच्या पेटीत दप्तराशेजारी एक पान्हा, एक हातोडी आणि स्क्रूंची डबी असते. परवा मावशींनी पान्हा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, “रहाटाला एवढं नव्हतं लागत.”