हातातली समिधा

मुंजीत गुरुजी बटूच्या हातात पळसाची समिधा देतात, तो ती अग्नीत टाकतो आणि फोटोग्राफर म्हणतो, “बाळा, अजून एक टाक, इकडे बघून.” अग्निकार्य, भिक्षावळ, जेवणं, सगळं दुपारपर्यंत आटोपतं. सोडमुंज बऱ्याच घरांत थेट लग्नाच्या वेळी उरकतात. एके काळी या दोन विधींच्या मधे बारा वर्षं असत आणि त्या बारा वर्षांत लाकडं रोज आणावी लागत.

शतपथ ब्राह्मणात याचा एक हिशेब आहे. ब्रह्माने सगळी प्रजा मृत्यूच्या हवाली केली, फक्त ब्रह्मचाऱ्याला वगळलं. मृत्यूने त्यातही वाटा मागितला. तेव्हा ठरलं की ज्या रात्री हा समिधा आणणार नाही, ती रात्र तुझी. म्हणजे पडलेला खाडा थेट आयुष्यातून वजा!

विद्या मागायला जाताना हातात समिधा घेऊन जायचं, ही उपनिषदांतली रीतच. तिला शब्दही आहे, समित्पाणि. प्रश्नोपनिषदात सहा जण असेच पिप्पलाद ऋषीकडे जातात. तो त्यांना आधी वर्षभर राहा म्हणतो, मग विचारा. या काटक्यांना फी समजणं चूक. घरचा अग्नी मी सांभाळीन, पडेल ते काम करीन, हा शब्द त्या ओंजळीत असे.

छांदोग्यातला सत्यकाम जाबाल गोत्र माहीत नसल्याचं सरळ सांगतो. गुरू हारिद्रुमत गौतम त्या खरेपणावर खूश होऊन त्याला समिधा आणायला सांगतात. मुंज लावून हाती काय देतात, तर चारशे रोडक्या गाई. त्या हजार होईपर्यंत तो परतत नाही. वाटेत त्याला बैल शिकवतो, अग्नी शिकवतो, हंस आणि पाणपक्षी शिकवतात.

पुढे हाच सत्यकाम आचार्य होतो, आणि खरी गंमत इथे आहे. त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षं अग्नी सांभाळतो. बाकीच्यांना सत्यकाम निरोप देतो, याला नाही. गुरुपत्नी सांगते, पोराने अग्नींची नीट सेवा केली आहे, याला शिकवा, नाहीतर अग्नीच तुम्हाला बोल लावतील. सत्यकाम ऐकत नाही, उलट प्रवासाला निघून जातो. उपकोसल जेवण सोडतो. मग ज्यांना त्याने बारा वर्षं लाकडं घातली ते अग्नीच आपसात ठरवून त्याला शिकवू लागतात. गुरू परततो, शिष्याचा चेहरा पाहतो आणि विचारतो, तुला कुणी शिकवलं? पोरगं आधी उडवाउडवी करतं. गुरूला राग येत नाही. राहिलेलं तो स्वतः सांगतो. गुरूवाचून ज्ञान नाही असं ऐकवणाऱ्यांनी ही कथा जरा सावकाश वाचावी.

त्याच उपनिषदात केकयराज अश्वपतीकडे मोठाले गृहस्थ समिधा घेऊन येतात, आणि तो उपनयन न करताच शिकवायला बसतो. तेव्हा नियमाला सवलत होती. नंतर धर्मशास्त्रांनी ती काढून घेतली. शूद्रांना तर उपनयनच नाकारलं. मनुस्मृतीने बायकांसाठी एक तडजोड लिहिली: विवाह हाच त्यांचा संस्कार, पतिसेवा हाच गुरुगृही वास, आणि घरकाम हीच अग्नीची परिचर्या. बटूची समिधा मुलीच्या हाती चुलीचं सरपण होऊन आली, तीही सोडमुंजीशिवाय.

मराठीत शब्दाचा अर्थ आणखी सरकला. आज समिधा म्हटलं की आणणाऱ्याचा हात आठवत नाही, जळणारं लाकूड आठवतं. आनंदवनात बाबा आमट्यांबरोबर आयुष्य काढलेल्या साधनाताईंनी आपल्या आत्मकथेला नाव दिलं ते हेच, ‘समिधा’.