अथेन्सच्या चांदमारीवरील दोन भाऊ

इ. स. १८९६ च्या १० एप्रिल रोजी, म्हणजे तत्कालीन ग्रीक पंचांगाप्रमाणे २९ मार्चला, अवघे अथेन्स नगर मॅराथॉनच्या शर्यतीकडे डोळे लावून बसले होते. स्पिरिडॉन लुई हा ग्रीक धावपटू क्रीडांगणात प्रथम आला आणि त्या जयघोषात त्या दिवसाचे बाकी सारे सामने बुडून गेले. नगराबाहेर कल्लिथिया येथील चांदमारीवर त्याच दिवशी लष्करी रिव्हॉल्वरचा सामना झाला, याची आठवण म्हणूनच फार थोड्यांना आहे.

या सामन्यात बोस्टनचे जॉन व समनर पेन हे दोघे सख्खे भाऊ उतरले होते. त्यांचे वडील जनरल चार्ल्स जॅक्सन पेन हे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले सेनानी. धाकटा जॉन बोस्टनहून निघाला तो प्रथम पॅरिसला गेला. तेथे समनर एका नामांकित बंदूकवाल्याकडे कामाला होता. त्याला त्याने सोबत घेतले. अथेन्सला कोणती शस्त्रे चालतील याचा पत्ता दोघांनाही नव्हता. तेव्हा त्यांनी कोल्टची लष्करी रिव्हॉल्वरे, स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्वरे, लहान पिस्तुले आणि ३,५०० काडतुसे असा एका तुकडीला पुरेल इतका दारूगोळा बरोबर बांधला. प्रत्यक्षात खर्ची पडली ती ९६ काडतुसे!

अंतर २५ मीटर. सहा-सहा बारांच्या पाच फेऱ्या. लष्करी रिव्हॉल्वर हे काही नाजूक हत्यार नव्हे. ते वजनदार असते, बार उडताच नळी वर उसळते, आणि चाप ओढताना मनगट किंचित हलले तरी गोळी भलतीकडे जाते. घोडेस्वाराने जवळच्या शत्रूवर झाडावे एवढ्याचसाठी घडविलेल्या या शस्त्राने कागदावरील वर्तुळाचा मध्य गाठणे हे काम वेगळ्याच हाताचे. जॉनने ४४२ गुण मिळविले, समनरने ३८०. तिसरा आलेला ग्रीक नेमबाज निकोलाओस दोराकिस २०५ गुणांवर राहिला. ऑलिंपिकमध्ये पहिला व दुसरा क्रमांक सख्ख्या भावांनी घेण्याचा हा पहिलाच प्रसंग.

एवढे मोठे अंतर राखून यजमानांना हरविल्याचा संकोच या भावांना वाटला असावा. पहिला सामना जो जिंकेल त्याने पुढच्या सामन्यात उतरायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरविले होते. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या ३० मीटरच्या सामन्यातून जॉन बाजूला झाला. समनर एकटा उभा राहिला आणि पहिला आला. योगायोग असा की, त्याचेही गुण ४४२ च भरले! दुसऱ्या क्रमांकाच्या होल्गर नील्सन या डॅनिश गृहस्थाला २८५ गुण होते. तिसऱ्या एका प्रकारात मात्र या भावांची पिस्तुले नेहमीच्या व्यासाची नाहीत म्हणून नाकारण्यात आली व तो मान ग्रीसच्या इयोआनिस फ्रांगूदिस याने मिळविला. त्या वर्षी विजेत्याला सोन्याचे पदक नव्हतेच. रुपेरी पदक आणि ऑलिव्हची डहाळी देत. जॉनने सोडून दिलेले एक पदक वजनाने फारसे नसेल, पण ते जवळजवळ हातात आलेले होते.

समनर १९०४ मध्ये अकालीच वारला. जॉन १९५१ पर्यंत जगला. लष्करी पिस्तुलाचे सामने १९२० नंतर ऑलिंपिकमधून गेले, परंतु जुन्या रिव्हॉल्वरांची नेमबाजी संपली नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाच्या विद्यमाने, त्याहूनही जुन्या, टोपीवर उडणाऱ्या रिव्हॉल्वरांचे सामने आजही होतात. चक्रातील प्रत्येक घरात काळी दारू व शिशाची गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची, आणि अर्ध्या तासात १३ बार काढायचे. त्यांतील उत्तम १० मोजले जातात. अस्सल जुन्या शस्त्रांचा वर्ग वेगळा, नव्याने घडविलेल्या प्रतिकृतींचा वेगळा. अंतर मात्र अथेन्सच्या त्या दिवशी होते तेच, २५ मीटर.