जुना ट्रॅक्टर मुळात कुठल्या जमिनीचा?

जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती एकाच माणसाने लिहिल्यासारख्या असतात. ‘एकहाती वापर. टायर ८० टक्के. इंजिनला हात लावलेला नाही. पेपर क्लिअर. किंमत बैठकीत.’ गेले चार महिने मी रोज रात्री फोनवर हेच वाचतोय. आम्हाला हवाय छोटा ट्रॅक्टर, १५ ते २५ एचपीचा.

राजापूर तालुक्यात आमची सामाईक जमीन आहे. खाली व्हाळाच्या कडेला भाताची खाचरं, त्यांच्या वर काजू, आणि त्याच्याही वर कातळापर्यंत चढत गेलेली आंब्याची कलमं. सपाट म्हणावी अशी जागा फक्त खळ्यापुरती. ट्रॅक्टर चालवणार माझा चुलतभाऊ. तो दोन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून गावी परतलाय. पैसे आम्ही चौघे घालणार, पण सीटवर तो एकटाच बसणार. म्हणून टायर आणि कागदपत्रांच्या आधी मला एक वेगळाच प्रश्न पडला. हा ट्रॅक्टर मुळात कुठल्या जमिनीसाठी बनवला होता?

प्रश्न इतिहासाचा आहे, पण उत्तर अगदी व्यवहारी निघतं. कारण ट्रॅक्टर ‘शेतीसाठी’ असा सरसकट बनत नाही. कुणाच्या तरी जमिनीची अडचण समोर ठेवून तो आखलेला असतो. ती अडचण आपली नसेल, तर तिथलं सोयीचं यंत्र आपल्याकडे धोक्याचं ठरू शकतं.

मागे उलटणारा ट्रॅक्टर

१९१७ मध्ये हेन्री फोर्डने फोर्डसन नावाचा स्वस्त ट्रॅक्टर बाजारात आणला. तो लाखोंनी विकला गेला. त्या काळी नांगर बैलगाडीसारखा मागे ओढायचा. सपाट, मऊ रानात ते चालून जायचं. पण फाळ मोठ्या दगडात किंवा मुळात अडकला की चाकं जागेवर थांबायची आणि इंजिनचा जोर तसाच चालू राहायचा. चाकं फिरेनात, म्हणून मग अख्खा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरायचा. पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि चालवणारा खाली सापडायचा. क्लच दाबायला वेळच मिळत नसे. फोर्डसन यासाठी बदनाम झाला.

त्याच वर्षी आयर्लंडच्या शेती खात्याने हॅरी फर्ग्युसन नावाच्या बेलफास्टच्या गॅरेजवाल्याला एक काम दिलं. गावोगाव फिरून ट्रॅक्टर आणि नांगर नीट चालतात का ते बघायचं. हा फर्ग्युसन वल्ली माणूस. १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं होतं, आणि आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण मानलं जातं. पण जन्म शेतकऱ्याच्या घरचा, काउंटी डाउनमधला. हा मुलूख म्हणजे अर्धी पुरलेली अंडी ओळीने मांडावीत तशा बुटक्या टेकड्यांचा. शेतं लहान, बांध जवळजवळ, आणि सगळं चढउताराचं. तिथे मागून फरफटत येणारा नांगर कोपऱ्यात वळवणंसुद्धा मुश्कील.

फर्ग्युसनने ठरवलं की नांगर ट्रॅक्टरच्या मागे बांधायचा नाही, तो ट्रॅक्टरचाच भाग करायचा. पुढची जवळपास वीस वर्षं त्याने यातच घालवली. त्यातून निघाली ती आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी तीन दांड्यांची जोडणी: खाली दोन, वर एक, आणि उचलायला हायड्रोलिक. ओढण्याचं काम खालच्या दोन दांड्या करतात. नांगर अडकला की वरची दांडी, म्हणजे आपली टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि त्याचं तोंड खाली दाबून धरते. ज्या धक्क्याने फोर्डसन उलटत होता, तोच धक्का आता ट्रॅक्टरला जमिनीवर टेकवून ठेवू लागला. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येत असल्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरेनासा झाला.

१९३८ मध्ये फर्ग्युसन आणि फोर्ड यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. १९३९ मध्ये त्यांचा ट्रॅक्टर आला, पुढे दोघांचं फाटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-२० बनू लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर निघाले. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरवर. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली, आणि १९६० मध्ये मद्रासला सुरू झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनवायला घेतले. आपल्या गावात ज्याला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात, त्याचं कुळ थेट त्या आयरिश टेकड्यांपर्यंत जातं.

ही गोष्ट मी भावाला सांगितली ती एका कारणासाठी. हे संरक्षण फक्त तीन दांड्यांवर अवजार लावलेलं असतानाच मिळतं. आमच्याकडे ट्रॅक्टरने नांगरणीपेक्षा ओढकाम जास्त होतं: जांभ्याचे चिरे, शेणखत, पडलेलं झाड. ओंडक्याची साखळी खालच्या हुकाला न लावता कुणी टॉप लिंकच्या जागी अडकवली आणि चढावर जोर दिला, तर त्या क्षणी आपण पुन्हा १९१७ सालात असतो.

भाताच्या चिखलातून

छोट्या ट्रॅक्टरचं दुसरं घराणं जपानचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीनसुधारणा झाली. कुळं मालक झाली, पण वाट्याला आलेली शेतं जेमतेम एकेक हेक्टरची, तीही तुकड्यातुकड्यांत. आधी हाताने धरून चालवायचे पॉवर टिलर पसरले. मग १९६० मध्ये कुबोटाने टी-१५ हा छोटा चारचाकी ट्रॅक्टर काढला. इसेकी, यानमार, सातोह, मित्सुबिशी अशा कंपन्याही या कामात होत्या.

त्यांची अडचण टेकडीची नव्हती, चिखलाची होती. जड ट्रॅक्टर खाचरात रुततो. हलका ट्रॅक्टर रुतत नाही, पण त्याला नांगर ओढवत नाही. यावरचा तोडगा ऑस्ट्रेलियातून आला होता. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ पासून फिरत्या पात्यांनी माती खणायचे प्रयोग केले आणि १९२० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तोच आपला रोटाव्हेटर. नांगर ट्रॅक्टरला मागे खेचतो, तर रोटाव्हेटरची पाती माती मारता मारता ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. त्यामुळे हलक्या यंत्राचं भागतं. पुढचं चाक चिखलात अडू नये म्हणून जपान्यांनी पुढच्या चाकांनाही जोर दिला. हलका, बुटका, फोर व्हील ड्राइव्ह आणि मागे रोटर असा नमुना ठरून गेला.

हाच नमुना जगभरच्या छोट्या, डोंगराळ जमिनींच्या मालकांना आवडला. जपानी शेतकरी नवा ट्रॅक्टर घेत आणि जुने अमेरिकेत रवाना होत. तिथे त्यावरून कायद्याची लढाई झाली. वापरलेले कुबोटा ट्रॅक्टर परस्पर आयात होत होते, त्यावर कुबोटाने तक्रार केली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जपानी बाजारासाठी बनलेल्या अशा ट्रॅक्टरच्या आयातीला मनाई केली आणि १९९९ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला.

वाद ट्रेडमार्कचा होता, पण त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नाव तेच, रंग तोच, तरी वस्तू तीच नाही, असं तिथे ठरलं. यंत्रावरच्या सूचना आणि धोक्याचे इशारे जपानीत होते. भागही बरेच वेगळे होते. एका मुलखातल्या सवयींसाठी बनवलेलं यंत्र दुसऱ्या मुलखातल्या माणसाच्या हातात गेलं की त्याच्याबरोबरची माहिती मागेच राहते.

रोटरच्या बाबतीत ही माहिती आम्हाला थेट लागू आहे. सपाट खाचरात पुढे ढकलणारा रोटर मदत करतो. उतरणीवर तोच रोटर गुरुत्वाकर्षणाच्या बाजूने उभा राहतो.

द्राक्षांच्या ओळींतून

भारतात ट्रॅक्टर वाढला तो मोठ्या सपाट रानांत. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर १९७४ मध्ये पंजाबात ‘स्वराज’ तयार झाला, साधारण २६ एचपीचा. त्याला आपण तेव्हाचा छोटा म्हणू, पण जमीन पंजाबचीच गृहीत होती. जपानी घराणं इकडे दुसऱ्या वाटेने आलं. बंगळुरूच्या व्हीएसटीने १९६० च्या दशकात मित्सुबिशीच्या साहाय्याने पॉवर टिलर बनवायला सुरुवात केली, आणि पुढे ‘मित्सुबिशी शक्ती’ हा साडेअठरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणला. २०१० च्या सुमारास महिंद्राचा १५ एचपीचा ‘युवराज’ आला. मग मिनी ट्रॅक्टर हा प्रकारच रुळला.

महाराष्ट्रात त्याला खरं गिऱ्हाईक मिळालं द्राक्षबागेत. नाशिक, सांगली, सोलापूरकडे वेलींच्या ओळींमधून वर्षभर फवारणीची फेरी असते. मोठा ट्रॅक्टर त्या बोळात मावत नाही. तिथे अरुंद असणं हाच सगळ्यात मोठा गुण. त्यामुळे मी बघत असलेल्या जाहिरातींतले निम्म्याहून अधिक ट्रॅक्टर तिकडचे निघाले.

निफाडजवळच्या एका बागायतदाराशी फोनवर बोललो. मी चाकांमधलं अंतर विचारलं तर तो म्हणाला, “भाऊ, बोट घालायला जागा ठेवली नाही, इतका आत घेतलाय. वेलीला टायर लागत नाही.” तो ट्रॅक्टरची तारीफ करत होता, आणि त्याच्या जमिनीपुरती ती खरीच होती.

आता हिशेब बघा. दोन चाकांत तीन फूट अंतर आहे आणि वरच्या बाजूचं चाक सहा इंची दगडावर चढलं, तर ट्रॅक्टर आणखी साडेनऊ अंशांनी कलतो. अंतर चार फूट असेल तर सात अंशांनी. हे उताराच्या मूळ कलाखेरीज. त्यातच पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलता असतो. म्हणजे ट्रॅक्टर कलायला लागतो तेव्हा तो चौकोनी पाटासारखा नव्हे, तिपाईसारखा उभा असतो. द्राक्षाच्या ओळीतला गुण आमच्या काजूच्या उतारावर जीवावरचा दोष ठरतो.

आणखी एक खूण त्या बागांची. ब्लोअरमुळे पीटीओ वर्षानुवर्षं तासन् तास फिरलेला असतो, आणि बोर्डो, गंधक अशा फवाऱ्याने मागचे पत्रे, नट, वायरी खाल्लेल्या असतात. पुढून नव्या रंगाने चकाकणारा ट्रॅक्टर मागे वाकून बघायचा, तो यासाठी.

वरकस

मग आमच्या उताराची अडचण कुणी समोर ठेवली होती? खरं सांगायचं तर कुणीच नाही. कोकणात डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. पूर्वी तिथे नाचणी, वरी व्हायची. काम कुदळीचं आणि माणसाच्या पाठीचं. बैलाचा नांगर खाली खाचरात चाले. १९९०-९१ पासून महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली, आणि वरकस उतारांवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. आमची वरची कलमंही तेव्हाचीच. खड्डे मारायला तेव्हा माणसं होती. आता झाडं तीस वर्षांची आहेत, माणसं मुंबईत आहेत, आणि गवत दर पावसाळ्यात छातीएवढं होतं. उतारावर यंत्र हवंसं वाटायला लागलं ते इथून. बाजारात मात्र यंत्रं आहेत ती चिखलाची आणि द्राक्षाच्या बोळाची.

या पोकळीवरचा सगळ्यात मोठा उपाय यंत्रापेक्षा कायद्याने आला, तोही स्वीडनमध्ये. तिथे १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची झाली. पुढे जुन्यांनाही ती लावावी लागली. १९५७ मध्ये दर एक लाख ट्रॅक्टरमागे उलटून मरणारे वर्षाला साधारण १२ होते. १९९० पर्यंत हे प्रमाण ०.२ वर आलं. ट्रॅक्टर उलटायचे पूर्ण थांबले नाहीत. उलटल्यावर माणूस जिवंत राहू लागला. अट एकच, सीटबेल्ट लावलेला हवा, नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो. आपल्याकडच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरवर ही कमान क्वचित दिसते. बागेत फांद्यांना अडते म्हणून लोक ती काढूनही ठेवतात.

एवढं वाचून आमची यादी बदलली. फोर व्हील ड्राइव्ह हवाच, कारण उतरणीवर चारही चाकं इंजिनशी जोडलेली राहिली तर ट्रॅक्टर रोखून धरायला मदत होते. मागच्या चाकांच्या रिमा उलट्या बसवून अंतर वाढवता येतं का, हे विचारायचं. दोन्ही ब्रेक एकत्र धरतात का, हे चढावर थांबवून बघायचं. घडीची कमान असेल तर उत्तम. नसेल तर त्या मॉडेलसाठी कंपनीची मिळते का, ते आधी पाहायचं. गावात वेल्डिंग करून घेतलेली चालणार नाही. ती वजन झेलेल की नाही हे उलटल्यावरच कळतं. सुटे भाग राजापूर किंवा रत्नागिरीत मिळत नसतील तर सौदा नाही.

जमिनीचीही वाटणी केली. खाचरं, खळं आणि रस्त्यालगतचा मळा ट्रॅक्टरचा. काजूच्या उतारावर तो सरळ वर चढेल आणि सरळ खाली येईल, आडवा जाणार नाही. गडग्याच्या वरची आंब्याची कलमं ग्रासकटरची आणि माणसांची. तिथे ट्रॅक्टर न्यायचा नाही, असं चौघांनी ठरवलंय. भावाला ते पटायला वेळ लागला. “दादा, एवढे पैसे घालून अर्ध्या जमिनीवर जायचाच नाही?” असं त्याने विचारलं. मी त्याला तिपाईचं चित्र काढून दाखवलं. मग त्यानेच पेन घेऊन सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर रेघ मारली, आणि ती माझ्या मनातल्या रेघेपेक्षा थोडी खालीच होती.

सध्या दोन ट्रॅक्टर नजरेत आहेत. एक सांगलीकडच्या बागेतला, स्वस्त, अरुंद, बिनकमानीचा. दुसरा त्याहून साठ हजारांनी महाग, फोर व्हील ड्राइव्ह, घडीची कमान जागेवर. पुढच्या रविवारी आम्ही दुसरा बघायला जातोय.