गाडी तीच, धनी नवा

पंढरपूरच्या वारीला गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून बार्शी लाइट रेल्वेचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं, असा वाचक सोलापूर-मिरजेकडे विरळाच. अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी ही गाडी म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या चिकाटीचें फळ. १८९५ सालीं लंडनमध्यें तिची कंपनी स्थापन झाली, १८९७ त कुर्डुवाडी-बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला, आणि पुढें पंढरपूर, लातूर व १९२७ मध्यें मिरज असा तिचा पसारा वाढला. या गाडीच्या गंमती पुष्कळांनीं सांगितल्या आहेत; आम्हांस सांगावयाचें आहे तें तिच्या नोकरांविषयीं.

कंपनीशीं असलेला करार संपवून ता. १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे ताब्यांत घेण्याची नोटीस सरकारनें डिसेंबर १९५२ मध्यें दिली. त्यावरून कंपनीनें नोव्हेंबर १९५३ मध्यें आपल्या सर्व नोकरांस कळविलें कीं, ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. जे राजी असतील त्यांना सरकार कामावर घेणार आहे, अटी मागाहून कळतील. इंजिन तेंच, रूळ तेच, हिरवा बावटा दाखविणारा हातही तोच. पण एका रात्रींत त्या हाताचा धनी बदलला. बहुतेकांस सरकारनें ठेवून घेतलें हें खरें. शेंकडा ७७ लोकांना पूर्वीचीच वेतनश्रेणी मिळाली, शेंकडा २३ जणांना कांहींशी खालची, आणि सुमारें २४ जणांनीं सरकारी नोकरी पत्करलीच नाहीं. परंतु जुन्या धन्याकडे घातलेल्या वर्षांचा हिशेब कोणीं द्यावयाचा?

योगायोग असा कीं, त्याच ऑक्टोबरपासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत कामगार-कपातीचीं नवीं कलमें आलीं होतीं. कपात करणाऱ्या मालकानें नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावें, असें त्यांत होतें; आणि कपात म्हणजे, शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणानें मालकानें नोकरी संपविणें, अशी ऐसपैस व्याख्या होती. कामगारांनीं त्या 'कोणत्याही'वर बोट ठेवलें. मुंबई हायकोर्टानें त्यांच्या बाजूनें कौल दिला. कंपनी सुप्रीम कोर्टांत गेली.

ता. २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं तेथें निकाल फिरला. न्यायमूर्ति एस्. के. दास यांनीं सांगितलें कीं, कपात होते ती चालू धंद्यांत जास्त झालेल्या माणसांची. धंदाच बंद पडला किंवा खऱ्याखुऱ्या रीतीनें दुसऱ्याच्या हातीं गेला तर ती कपात नव्हे. शब्दाच्या रूढ अर्थाला धरून पाहिलें तर हा युक्तिवाद कच्चा नाहीं, असें आम्हांसही वाटतें. पण वीस वर्षें फाटक सांभाळणाऱ्यास आपण 'जास्त' होतों कीं नव्हतों या भेदाचें काय होय? त्याची नोकरी गेली ती गेलीच.

ही उणीव सरकारलाही जाणवली. १९५७ त आधीं वटहुकूम व मग कायदा होऊन असें ठरलें कीं, धंद्याची मालकी बदलली तर कपातीप्रमाणेंच कामगारांना नोटीस व भरपाई मिळावी. अपवाद एकच: नोकरींत खंड पडलेला नसावा, अटी पूर्वीपेक्षां वाईट नसाव्या, आणि पुढेंमागें काढून टाकण्याची वेळ आली तर जुनीं वर्षें धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असावी. कायदा मागील तारखेपासून लागू झाला. ती तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसाची! ज्यांच्या भांडणांतून हें कलम जन्मास आलें, ते बार्शीचे लोक त्या रेघेच्या अलीकडेच राहिले.

कलमाची खरी पारख झाली ती आंध्रांतल्या अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या खटल्यांत. कंपनीचा हा कारखाना एका सहकारी संस्थेनें विकत घेतला, आणि ज्यांना तिनें कामावर घेतलें नाहीं त्यांनीं तिच्याकडे नोकरी मागितली. १९६२ सालीं न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं निर्णय दिला कीं, भरपाईचें देणें जुन्या मालकाचें. ती आणि नव्या मालकाकडील नोकरी अशा दोन्ही गोष्टी एकदम मागतां येणार नाहींत. पूर्वीं औद्योगिक न्यायाधिकरणें नवा मालक हा जुन्याचा खरा वारस आहे कीं नाहीं हें पाहून नोकरीचा प्रश्न सोडवीत. तो दरवाजा या निकालानें बराचसा लागला.