अक्कलदाढ आणि भूल: हार्टफर्ड ते हैदराबाद

आजच्या भागात आपण अक्कलदाढेबद्दल बोलणार आहोत. साधारण सतरा ते पंचवीस या वयात ती येते, म्हणजे नेमकी मुलं कॉलेजात असताना, परीक्षा तोंडावर असताना. दुबई-शारजातल्या मराठी घरांत हा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. इथेच काढायची की सुट्टीत पुण्या-मुंबईला गेल्यावर? आणि नुसतं इंजेक्शन देऊन काढायची की पूर्ण भूल देऊन? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जरा इतिहासात जाऊ या, कारण भूलशास्त्राच्या जन्मकथेतच एक दाढ आहे.

वेदना कमी करायची धडपड फार जुनी. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला मद्य द्यावं असं सांगितलं आहे. आपल्या आज्या दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायला सांगायच्या, त्यालाही आधार आहे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हिरडी थोडी बधिर करतं. पण दाढ मुळासकट उपटायची, तर मद्य काय आणि लवंग काय, दोन्ही अपुरी.

आता १८४४ सालच्या डिसेंबरात चला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी १० तारखेला हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, तमाशा होता. तिकीट काढून लोक वायू हुंगायचे आणि बाकीचे त्यांची गंमत बघायचे. वायू घेतलेल्या एकाच्या पायाला चांगलंच लागलं, रक्त आलं, पण त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी तो वायू स्वतः घेतला आणि सहकारी जॉन रिग्जकडून आपलीच अक्कलदाढ काढून घेतली. दुखलं नाही.

पुढच्याच महिन्यात वेल्सने बोस्टनला डॉक्टरांपुढे प्रयोग केला. वायू पुरेसा चढण्याआधीच दात ओढला गेला, रुग्ण ओरडला आणि सभागृहाने वेल्सची थट्टा केली. १८४६ साली त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच, याने ईथर वापरून १६ ऑक्टोबरला बोस्टनमध्ये यशस्वी प्रयोग केला आणि नाव मिळवलं. वेल्स पुढे क्लोरोफॉर्मच्या प्रयोगांत आणि व्यसनात गुरफटला. १८४८च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आपलं जीवन संपवलं. ज्या वायूवर लोक हसले, तो दंतवैद्यांकडे आजही वापरात आहे.

ईथरची बातमी बोटीने हिंदुस्थानात पोचायला फार वेळ लागला नाही. १८४७च्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथरखाली शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबराच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. ते गोड वासाचं, चटकन गुंगी आणणारं. पण १८४८च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. एवढ्याशा कामासाठी जीव गेला, आणि प्रश्न उभा राहिला: क्लोरोफॉर्म माणसाला मारतं ते हृदय थांबवून की श्वास थांबवून?

या प्रश्नाची मोठी चौकशी झाली ती हैदराबादेत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात होते, म्हणजे मराठवाड्याच्या श्रोत्यांना हे घरचंच. तिथले रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं की श्वासावर लक्ष ठेवलं तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला. १८८८ साली पहिला आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका काढली, तेव्हा १८८९ साली दुसरा बसला आणि निजामाच्याच खर्चाने लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर.

हा निष्कर्ष अर्धाच खरा होता. १९११च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय अचानक बिघडूनही मृत्यू येतो. पण श्वासावरची नजर हटवू नका, ही हैदराबादची शिकवण मात्र टिकली.

याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी नावाची पारशी तरुणी वैद्यक शिकली आणि क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे १९०९ साली त्या जास्त शिकायला एडिंबराला गेल्या.

तिकडे दुसरी वाट निघाली होती. माणसाला न झोपवता फक्त दुखणारी जागा बधिर करायची. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळ्यासाठी कोकेन वापरलं. लगोलग अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडने जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून खालचे दात बधिर करून दाखवले. खालची अक्कलदाढ काढताना आजही त्याच नसेजवळ सुई जाते. मात्र स्वतःवर प्रयोग करता करता हॉलस्टेडला कोकेनचं व्यसन जडलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं आणि १९४३ साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने लिडोकेन बनवलं. व्यसनाची भीती गेली. आज बहुतेक अक्कलदाढा लिडोकेन किंवा त्याच्या भावंडांवरच निघतात.

आखातातली गोष्ट याच्या पुढची. दुबईचं अल मकतूम रुग्णालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं, अल ऐनचं ओएसिस रुग्णालय १९६० साली. १९६६पर्यंत इथे रुपयाच चालायचा आणि ऐपत असलेले लोक मोठ्या दुखण्याला मुंबई गाठायचे. नागपूरच्या डॉ. झुलेखा दाऊद १९६०च्या दशकात शारजात आल्या, तेव्हा संयुक्त अरब अमिरात हा देश जन्माला यायचा होता. आज उलटं चित्र दिसतं. भूलतज्ज्ञ इथेही आहेत, तिथेही आहेत. निवड आपल्याला करायची आहे.

तर पर्याय चार. पहिला, नुसतं बधिर करणं. दाढ सरळ आलेली असेल आणि मन घट्ट असेल तर हे पुरतं. ओढल्याचा दाब जाणवतो, कळ जाणवत नाही. ओठ काही तास बधिर राहतो, तोवर तो चावला जाणार नाही हे बघायचं. दुसरा, वेल्सचा वायू, प्राणवायूत मिसळून नाकावाटे. भीती कमी होते आणि काही मिनिटांत उतरतो. सोबत बधिर करण्याचं इंजेक्शन लागतंच. आपल्याकडे शाकाहारी घरं बरीच, म्हणून एक सांगते: हा वायू बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. आधीच कमतरता असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तिसरा, शिरेतून गुंगी, बहुधा मिडाझोलमची. माणूस हाकेला ओ देतो, पण नंतर फारसं आठवत नाही. पुढचे चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि घरी न्यायला मोठं माणूस हवं. एकट्याने राहणाऱ्या मुलांनी हे आधीच ठरवावं. चौथा, पूर्ण भूल, तीही रुग्णालयात. दाढा हाडात खोल आडव्या असतील किंवा चारही एकदम काढायच्या असतील, तर याचा विचार होतो. सहसा सहा तास आधी खाणं बंद, दोन तास आधी पाणीही बंद. चहा-बिस्किट ‘थोडंसंच’ खाल्लं असेल तरी लपवू नका. भुलेखाली पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

आता हॅना ग्रीनरची आठवण ठेवून एवढंच विचारा: गुंगी किंवा भूल देणारी व्यक्ती वेगळी आहे का? दाढ काढणारा दाढेकडे बघत असताना माझ्या मुलीच्या श्वासाकडे कोण बघणार? प्राणवायूचं प्रमाण दाखवणारं यंत्र बोटाला लावणार ना? या क्लिनिकला गुंगी देण्याचा परवाना आहे का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर शांतपणे उत्तर देतो. दमा, घोरणं, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर तेही, सगळं मोकळेपणाने सांगा.

आणि भारतात दाढ काढून परतणाऱ्यांसाठी एक सूचना. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत नियंत्रित आहेत. आधी परवानगी घेतल्याशिवाय त्या बॅगेत टाकू नका. डॉक्टरांना साधी गोळी लिहून द्यायला सांगा.

वेल्सला घाई नडली, वायू चढण्याआधीच दात ओढला गेला. आपण घाई न करता, विचारून, समजून घेऊन खुर्चीत बसू या. सांभाळून राहा मंडळी, नमस्कार.