मग्दालीया मरीया : श्रद्धेची प्रतिमा आणि इतिहासाची साक्ष

धर्मसंस्थापक व त्यांचे अनुयायी यांची चरित्रे दोन प्रकारे वाचली जातात. श्रद्धावान वाचक सर्व पवित्र ग्रंथ एकाच वाणीचे मानतो आणि त्यांतील प्रसंग एकत्र गुंफतो. इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक ग्रंथ कोणी, केव्हा व कोणासाठी रचला हे विचारतो आणि त्याची साक्ष स्वतंत्रपणे तपासतो. या दोन वाचनांतील अंतराचे परिणाम किती दूरगामी असतात, हे येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्या उदाहरणावरून दिसते.

रिकाम्या कबरीच्या प्रसंगी चारही शुभवर्तमाने तिचे नाव घेतात. येशूने तिच्यातून सात भुते काढली आणि ती योहान्ना, सुसान्ना इत्यादी स्त्रियांसह स्वतःच्या द्रव्याने त्याच्या मंडळीची सेवा करीत असे, असे लूक सांगतो. ती पतिता होती, असे एकाही शुभवर्तमानात म्हटलेले नाही.

मग हा कलंक आला कोठून? लूकच्या सातव्या अध्यायात अश्रूंनी येशूचे पाय भिजविणारी एक अनामिक पापी स्त्री आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीची मरीया त्याच्या पायांना सुगंधी तेल लावते. इ. स. ५९१ च्या सुमारास रोम येथील प्रवचनात पोप पहिला ग्रेगरी याने या दोघी व मग्दालीया एकच मानल्या आणि सात भुतांचा अर्थ सर्व दुर्गुण असा लावला. पश्चात्तापी माणसाला धीर देणे हा त्याचा हेतू असेल; परंतु त्यामुळे साक्षीदार स्त्री पश्चिमेकडील प्रवचनांत व चित्रांत शतकानुशतके पतिता म्हणून वावरली. पूर्वेकडील चर्चने मात्र या स्त्रिया वेगळ्याच मानल्या. फ्रेंच पंडित लफेव्र देताप्ल याने १५१७ मध्ये हे एकीकरण नाकारले, तेव्हा १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्यापीठाने त्याचे मत निषिद्ध ठरविले. रोमन चर्चच्या १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेने मग्दालीयेला त्या दोघींपासून वेगळे केले आणि २०१६ मध्ये तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.

येथे चिकित्सेची मर्यादाही ओळखली पाहिजे. पुनरुत्थान घडले की नाही, याचा निर्णय ती देत नाही. शिवाय शुभवर्तमानांपूर्वी लिहिलेल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो. तीत पेत्राचे नाव प्रथम आहे, एकाही स्त्रीचे नाव नाही. गैरसोयीचा पुरावाही अभ्यासकाने लपवू नये.

परधर्मीयांना हिणविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. हीच कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावावी लागते. महापरिनिब्बाण सुत्तात स्त्रियांशी कसे वागावे या आनंदाच्या प्रश्नावर, त्यांच्याकडे पाहूही नये, असे उत्तर तथागतांच्या मुखी आहे. स्त्रियांच्या संघप्रवेशासाठी रदबदली करणारा आनंद असा प्रश्न कसा विचारील? विशाखा व आम्रपाली यांना भेटणारे तथागत असे उत्तर कसे देतील? १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा संवाद भिक्खूंनी मागाहून घातलेला प्रक्षेप ठरविला.

रोममध्ये एका प्रवचनाने स्त्रीची साक्ष झाकली गेली. आपल्या सुत्तात एका प्रक्षेपाने तथागतांची करुणा झाकली गेली. दोन्ही ठिकाणी आवरण दूर केले ते चिकित्सेनेच. चिकित्सेला भिणारी श्रद्धा आपल्याच पूज्य व्यक्तींवर अन्याय करते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.